ट्रॉली किती मोठी घ्यावी?

दिवाळी सरली की आमच्या वडनेर भागातल्या रस्त्यांचे रूप बदलते. सोयाबीन घरी किंवा बाजारात पोहोचलेले असते, कापसाची वेचणी जोरात असते आणि पांदण रस्त्यांवरून कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या हिंगणघाटच्या बाजाराकडे निघतात. हिंगणघाट हे कापसाचे जुने ठाणे. इंग्रजांच्या काळात इथल्या कापसाच्या जातीलाच 'हिंगणघाट' हे नाव होते. तेव्हा हा कापूस बंडीने जायचा, आज ट्रॅक्टरने जातो. फरक एवढाच नाही. बंडीचा रस्ता गावाचा होता. आजचा रस्ता म्हणजे श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, ज्याला जुनी माणसे अजूनही 'सात नंबर' म्हणतात. त्यावर आपली ट्रॉली आणि भरधाव ट्रक एकाच पट्ट्यात चालतात.

हातात पीक विकल्याचा पैसा येतो तो हाच काळ, आणि घराघरांत ट्रॉली घेण्याच्या गोष्टी सुरू होतात त्याही आताच. आमचा एक माजी विद्यार्थी परवा विचारायला आला. घरची आठ एकर जमीन, पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आहे, ट्रॉली भाड्याने आणावी लागते. "सर, दहा फुटी घेऊ की बारा फुटी? बनवणारा म्हणतो, बाराच घ्या, पुढे कामी येईल. अब्बा म्हणतात, सरांना विचारून ये." आम्ही मेकॅनिक नाही, पण शाळेत क्षेत्रफळ, घनफळ आणि वजन शिकवतो. आणि या प्रश्नाचे निम्मे उत्तर सातवी-आठवीच्या गणितातच आहे.

आम्ही त्याला उलट विचारले, "बेटा, तुझ्या ट्रॅक्टरचे वजन किती?" त्याला हॉर्सपॉवर माहीत होती, किंमत माहीत होती, हप्ता तर तोंडपाठ होता. वजन माहीत नव्हते. बहुतेक घरांत हेच उत्तर येईल. खरे म्हणजे ट्रॉलीचा आकार ठरवताना पहिला आकडा हाच लागतो.

डब्याचे माप फसवते

ट्रॉली आपण फुटात विकत घेतो आणि भरतो मात्र किलोत. घोटाळा इथे सुरू होतो. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दोन फूट उंच फळ्यांची ट्रॉली घ्या. घनफळ झाले १२० घनफूट. ही एकच ट्रॉली काठोकाठ भरली तर आत किती वजन बसते ते पाहू.

सैल कापूस भरला तर साधारण तीन-चार क्विंटल. पायाने तुडवला तर याहून जास्त, तरी ट्रॅक्टरला तो जड नाही. सोयाबीन भरले तर सुमारे २५ क्विंटल, म्हणजे अडीच टन. पाणी भरले असते तर जवळपास ३.४ टन. आणि रेती? शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. एक ब्रास कोरडी रेती सुमारे साडेचार टन भरते. म्हणजे त्याच ट्रॉलीत जवळजवळ साडेपाच टन, आणि रेती ओली असेल तर आणखी जास्त. विटांचेही तसेच आहे. एक वीट तीन किलोची धरली तर दोन हजार विटा म्हणजे सहा टन.

डबा तोच, चाके तीच, हूक तोच, पण वजनात पंधरा पटींचा फरक. म्हणून "दहा फुटी चांगली की बारा फुटी" हा प्रश्न अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा की, या ट्रॉलीत आपण सर्वांत जड काय भरणार आहोत, आणि ते आपला ट्रॅक्टर थांबवू शकेल का?

ओढणे वेगळे, थांबवणे वेगळे

इथे "थांबवू शकेल का" हे शब्द आम्ही मुद्दाम वापरले आहेत. आपल्याकडे ट्रॅक्टरची ताकद ओढण्यावरून मोजतात. "आमचा ट्रॅक्टर सात टन आरामात ओढतो" असे अभिमानाने सांगतात, आणि ते खोटेही नसते. सपाट डांबरी रस्त्यावर चाकांवरचे ओझे सरकवायला फार थोडा जोर लागतो, साधारणपणे वजनाच्या शेकडा दोन-तीन इतकाच. साडेसहा टनांचे ओझे ओढायला दीडशे-पावणेदोनशे किलोचा जोर पुरतो. इंजिनाला ते जाणवतही नाही.

बैल असे नव्हते. बंडीत ओझे जास्त झाले की बैल पाय रोवायचे, चढावर थबकायचे, मान टाकायचे. जनावर आपल्या अंगाने सांगायचे की बस झाले. ट्रॅक्टर सांगत नाही. तो निमूट ओढत राहतो, आणि ओझे जास्त झाल्याचे आपल्याला उतारावर किंवा अचानक ब्रेक मारताना कळते. तेव्हा उशीर झालेला असतो.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि गावात बनलेल्या पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन चाकांनी स्वतःलाही थांबवायचे आणि मागच्या सगळ्या ओझ्यालाही.

याचे गणित मांडून पाहू. दोन टनांचा एकटा ट्रॅक्टर ताशी २५ किलोमीटर वेगात आहे आणि ब्रेक दाबल्यापासून आठ मीटरवर थांबतो असे धरा. त्याच ब्रेकवर मागे ट्रॉलीसह तीन टन लावले, तर थांबायला साधारण वीस मीटर लागतील. आणि रेतीने भरलेली साडेसहा टनांची ट्रॉली लावली, तर सुमारे चौतीस मीटर. कबड्डीचे मोठे मैदान तेरा मीटर लांब असते. म्हणजे अडीच मैदानांहून जास्त अंतर ट्रॅक्टर घसटत जाणार. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर यात धरलेलेच नाही. वेग दुप्पट केला तर हे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते.

आणखी एक गोष्ट. ब्रेक लागल्यावर ट्रॅक्टर मंदावतो, पण मागची ट्रॉली त्याला ढकलत राहते. रस्ता सरळ असेल तर ठीक. वळण असेल, उतार असेल किंवा डांबरावर चिखल असेल, तर ट्रॉली ट्रॅक्टरला बाजूला फिरवते आणि दोन्ही एकमेकांत कैचीसारखे दुमडतात. ट्रॅक्टर उलटण्याचे हे एक मोठे कारण आहे.

मग किती वजन योग्य?

अमेरिकेतल्या शेती विद्यापीठांचे विस्तार विभाग शेतकऱ्यांना एक साधा ठोकताळा सांगतात. ओढल्या जाणाऱ्या वाहनाला स्वतःचे ब्रेक नसतील, तर त्याचे मालासह एकूण वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावे, आणि वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आत असावा.

हा ठोकताळा आपल्या ट्रॅक्टरला लावू. वजन दोन टन, दीडपट म्हणजे तीन टन. त्यातून रिकाम्या ट्रॉलीचे वजन वजा करा. दहा फुटी लोखंडी ट्रॉली साधारण एक टनाची धरली, तर मालासाठी उरले दोन टन. वीस क्विंटल.

आम्ही हे फळ्यावर मांडले तेव्हा त्या मुलाचा चेहरा उतरला. "सर, एवढंच? आमच्याकडे तर सगळेच पाच-सहा टन भरतात." खरे आहे, भरतात. अनेकजण वर्षानुवर्षे सुखरूप घरीही येतात. पण रोज सुखरूप येणे आणि सुरक्षित असणे यात फरक आहे. ज्या दिवशी समोर गाय आली, दुभाजकाच्या फटीतून दुचाकी निघाली, त्या एका दिवसासाठीच हा हिशेब असतो.

जास्त वजन न्यायचेच असेल तर उपाय आहे. ट्रॅक्टरच्या ब्रेकसोबत लागणारे स्वतःचे ब्रेक असलेली ट्रॉली घ्यावी आणि किती ओझे चालेल ते ट्रॅक्टरच्या कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे. ती पुस्तिका बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी असते. ती काढून आधी ट्रॅक्टरचे वजन आणि ओढण्याची मर्यादा ही दोन पाने वाचावीत. घरातल्या शिकलेल्या मुलीने ती मोठ्याने वाचून दाखवली तर आणखी चांगले.

दोन चाकी की चार चाकी?

दोन चाकी ट्रॉलीचे थोडे वजन हुकावर येते. ते थोडेच असावे. माल पुढे जास्त रचला तर ट्रॅक्टरचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. माल मागे जास्त रचला तर हूक वर उचलला जातो, मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली डुलू लागते. म्हणून जड माल चाकांच्या वर, किंचित पुढे कल ठेवून रचावा, आणि उतरवताना आधी पुढचाच सगळा माल काढू नये.

चार चाकी ट्रॉली आपले ओझे स्वतःच्या चाकांवर घेते. लांब माल आणि सपाट रस्ता यांना ती बरी. पण मागे घ्यायला अवघड, अरुंद पांदण रस्त्यावर आणि वावराच्या धुऱ्यावर वळवायला त्याहून अवघड. छोट्या शेतीच्या घराला बहुधा दोन चाकीच सोयीची पडते.

टिपर ट्रॉली घेणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. डबा वर उचलला की वजनही वर जाते, म्हणून तिरक्या जमिनीवर तो कधीच उचलू नये. आणि उचलण्याआधी डोक्यावर विजेची तार आहे का, ते पाहावे.

हूक कोणताही असो, ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. वर, टॉप लिंकच्या जागी काहीही बांधून ओढले, तर ट्रॅक्टर पुढून उचलून चालकावर उलटू शकतो. पिनला खटका हवा, आणि सोबत एक जाड साखळी हवी, म्हणजे पिन निघाली तरी ट्रॉली सुटून मागच्या माणसांवर जाणार नाही. डांबरी रस्त्यावर चढताना ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेकचे पेडल एकमेकांना जोडून घ्यावेत. नाहीतर एकच पेडल दाबले जाते आणि ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो.

कापसासाठी उंच, रेतीसाठी बुटकी

त्या मुलाला आम्ही शेवटी सांगितले ते असे. दहा बाय सहा फूट तळाची ट्रॉली घे, पक्क्या फळ्या दोन फुटांपेक्षा उंच नकोत. कापूस आणि कुटार यांच्यासाठी वरून लावता-काढता येणारी जाळी वेगळी बनव. हलका माल उंच भरायला जाळी, जड मालाच्या वेळी जाळी घरी.

आणि आतल्या बाजूला रंगाने दोन रेषा ओढ. दोन टनांच्या हिशेबाने रेती या ट्रॉलीत तळापासून फक्त नऊ इंच येते आणि सोयाबीन एकोणीस इंच. नऊ इंचावर लाल रेष, एकोणीस इंचावर पिवळी. मग भरणारा हमाल असो की घरातला लहान भाऊ, वजनकाटा नसला तरी कुठे थांबायचे ते सर्वांना दिसेल. ज्यांच्या ट्रॅक्टरचे वजन वेगळे आहे त्यांनी आपल्या रेषा आपल्या हिशेबाने ओढाव्यात. आणि एकदा तरी भरलेली ट्रॉली वजनकाट्यावर नेऊन आपला अंदाज तपासून घ्यावा.

उंच भरलेल्या कापसाचा धोका वजनाचा नसतो, उंचीचा आणि रुंदीचा असतो. दोन्ही बाजूंनी फुगलेला माल मागचे दिवे झाकतो, चालकाला मागचे दिसत नाही, आणि वळणावर ट्रॉली कलंडते. रात्री महामार्गावर ट्रक ताशी ८० च्या वेगाने येतो आणि आपण २० ने चाललेलो असतो. दिवे नसलेली ट्रॉली त्याला पन्नास मीटरवर दिसली, तर त्याच्या हातात फक्त तीन सेकंद उरतात. मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि चालू दिवा यांना लागणारा खर्च एका टायरच्या किमतीपुढे काहीच नाही.

हप्त्याचे ओझे

बारा फुटी ट्रॉलीचा मोह होतो त्यामागे खरे कारण शेती नसते, कर्ज असते. मोठी ट्रॉली, मोठा हप्ता. घरच्या आठ एकरांचा माल वर्षातून थोडे दिवस. मग हप्ता फेडायला लोकांच्या विटा, गिट्टी, रेती वाहावी लागते. भाडे खेपेवर मिळते, म्हणून एका खेपेत जास्तीत जास्त भरायचे, रात्री चालायचे, आणि चालवायला घरातला कोवळा मुलगा, ज्याला अठरा पूर्ण होऊन लायसन्सही मिळालेले नसते. म्हणजे गरजेपेक्षा दोन फूट जास्त घेतलेली ट्रॉली हळूहळू सगळ्या घराला आपल्या मागे ओढू लागते.

दुसऱ्या खेपेचे डिझेल खिशातून जाते, हे आम्ही नाकारत नाही. पण समोरच्या पानावरचा खर्चही लिहावा. जास्त ओझ्याने टायर, एक्सल आणि क्लच लवकर जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेपेक्षा जास्त वजनासाठी २०,००० रुपये दंड आहे, शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. तीन टन जास्त म्हणजे २६,००० रुपये. माल बाजूने, मागे किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेला तरी २०,००० रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी आणि विमा हवा. स्वस्तात मिळणारी बिनकागदाची ट्रॉली अपघाताच्या दिवशी सर्वांत महाग पडते.

माल आणि माणसे

शेवटची गोष्ट वजनाच्या हिशेबात बसत नाही, पण तिच्यासाठीच आम्ही हे सगळे लिहिले. आपल्याकडे ट्रॉली रिकामी असली की ती माणसांची गाडी होते. सकाळी वेचणीच्या बाया तिच्यातून वावरात जातात. निकाहला वऱ्हाड तिच्यातून जाते. गिरडला बाबा फरीद यांच्या दर्ग्यावर जायचे ठरले की आजूबाजूच्या गावांतून सतरंजी अंथरून बायका-मुलांनी भरलेल्या ट्रॉल्या निघतात. स्वस्त पडते, सगळे एकत्र जातात, मुले खूश असतात.

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेडजवळ आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या सात महिला गेल्या. त्याआधी १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूर जिल्ह्यातल्या घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली आणि २६ जण मरण पावले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. त्यानंतर तिथल्या सरकारला सांगावे लागले की ट्रॅक्टर-ट्रॉली फक्त शेतीसाठी आणि मालासाठी वापरा.

ट्रॉलीत बसायला जागा नाही, धरायला काही नाही, पट्टा नाही, छप्पर नाही. ती कलंडली की आतली माणसे आधी फेकली जातात आणि मग तिच्याखाली येतात. कागदोपत्री ती मालाची गाडी असल्यामुळे विमा कंपनी भरपाईच्या वेळी पहिले बोट तिथेच ठेवते. जिआरतची नियत कितीही साफ असो, ट्रॉलीचा तोल त्याने बदलत नाही. बायका-मुलांच्या जिवाची अमानत आपल्याकडे आहे. चार घरांनी मिळून एक जीप किंवा मिनीबस केली, तर माणशी खर्च थोडा वाढेल, एवढेच. आणि ज्यांच्या वावरात बाया वेचणीला येतात, त्यांनी त्यांच्या ऑटोचे भाडे मजुरीच्या खर्चातच धरावे.

आमची विनंती घरातल्या आई-बहिणींनाही आहे. कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही तुमचीही लागते. सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. ट्रॅक्टरचे वजन किती? ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक आहेत का? आणि यात सर्वांत जड काय भरणार? या तिन्हींची उत्तरे आकड्यांत मिळाली तरच सही करा. "सगळे भरतात" हे उत्तर मिळाले, तर आधी पुस्तिका आणि टेप घेऊन बसा, बनवणाऱ्याकडे मग जा.